बंदरांतील कोंडी आणि सागरी वाहतुकीचे भाडे : नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

बंदरात जहाजांची गर्दी होऊन त्यांना धक्क्यासाठी तिष्ठत राहावे लागणे, ही घटना सामान्यतः बंदराच्या व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणून अभ्यासिली जाते. धक्के किती आहेत, यारी किती आहेत, गोदीतील काम किती पाळ्यांत चालते, यांचा हिशेब केला की विषय संपला, असे मानण्याकडे कल असतो. ही दृष्टी अपुरी आहे. कोंडीचा खर्च बंदरात निर्माण होत असला तरी तो बंदरात राहत नाही. जहाजभाड्याच्या द्वारा तो पृष्ठप्रदेशात शिरतो आणि ज्याला तो पुढे ढकलता येत नाही अशा घटकापाशी येऊन थांबतो. हा घटक कोण, हे ठरविणे हा कोंडीच्या अर्थशास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. उत्तरेस सातपुडा व नर्मदा, मध्यभागी तापीचे खोरे आणि पश्चिमेस गुजरातची सीमा अशी त्याची रचना आहे. न्हावा-शेवा येथील बंदर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर दूर पडते. असे असूनही शहादा-तळोद्याकडील कापूस, नंदुरबारच्या बाजारातील लाल मिरची आणि खरिपासाठी लागणारी रासायनिक खते या तिन्ही वस्तूंचा बंदराशी निकटचा संबंध आहे. किनाऱ्यापासून इतक्या दूरच्या प्रदेशात कोंडीचा परिणाम पोहोचतो असे दाखविता आले, तर तो परिणाम किती व्यापक असतो हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बंदराच्या अडचणीचे पडसाद या भागात उमटणे ही नवी गोष्टही नव्हे. सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे. तापीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीच्या समुद्रात नांगर टाकीत आणि तेथून माल बैलगाड्यांनी व लहान नौकांनी शहरात आणावा लागे. पावसाळ्यात समुद्र बंद असल्याने आवक-जावक ठराविक महिन्यांतच साठून येई. हंगामीपणा, खोलीची मर्यादा आणि दुहेरी चढउतार ही कोंडीची तीन कारणे तेव्हाही उपस्थित होती.

२. प्रतीक्षेचा नियम

कोंडी म्हणजे काय, याविषयी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बंदराची क्षमता संपली की कोंडी सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः क्षमता संपण्याच्या पुष्कळ आधीच प्रतीक्षा सुरू होते, आणि ती वाहतुकीच्या प्रमाणात न वाढता तिच्याहून कितीतरी अधिक वेगाने वाढते. डेन्मार्कमधील गणितज्ञ एरलांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनी केंद्रांच्या संदर्भात ज्या रांगसिद्धान्ताचा पाया घातला, त्याच्या साहाय्याने ही गोष्ट स्पष्ट होते.

समजा, एकच धक्का आहे, जहाजे अनियमितपणे येतात आणि प्रत्येक जहाजाच्या कामास सरासरी दोन दिवस, परंतु कमी-अधिक, लागतात. धक्का निम्मा काळ व्यापलेला असेल तर जहाजास सरासरी २ दिवस थांबावे लागते. व्याप ७५ टक्के झाला की प्रतीक्षा ६ दिवसांची होते, ९० टक्क्यांवर १८ दिवसांची आणि ९५ टक्क्यांवर ३८ दिवसांची. शेवटच्या टप्प्यात वाहतूक केवळ पाच टक्के-अंशांनी वाढली, परंतु प्रतीक्षा दुपटीहून अधिक झाली. धक्का अद्यापि वीस दिवसांतून एक दिवस रिकामाच आहे. तात्पर्य, रिकामा धक्का आणि तिष्ठणारी जहाजे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

याच गणितातून आणखी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दोन धक्के एकत्र वापरले, म्हणजे आलेले जहाज मोकळ्या होणाऱ्या कोणत्याही धक्क्यास लागू शकले, तर प्रतीक्षा पुष्कळ कमी होते. वरील उदाहरणातील ९० टक्के व्याप कायम ठेवूनही ती १८ दिवसांवरून सुमारे साडेआठ दिवसांवर येते. दुसरा असा की, प्रत्येक जहाजाच्या कामाचा काळ निश्चित करता आला तर एका धक्क्यावरील प्रतीक्षा निम्म्यावर येते. म्हणजे प्रतीक्षेचा बराच भाग गर्दीपेक्षा अनिश्चिततेतून उद्भवतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने बंदर-विकासाविषयी केलेल्या मार्गदर्शनात सामान्य मालाच्या एका धक्क्यासाठी सुमारे ४० टक्के आणि सहा ते दहा धक्क्यांच्या समूहासाठी सुमारे ७० टक्के व्याप ही मर्यादा सुचविली होती, तिचे मर्म येथे आहे.

३. प्रतीक्षेचे भाड्यात रूपांतर

जहाज उभे राहिल्याने होणारा खर्च दोन मार्गांनी भाड्यात उतरतो. पहिला मार्ग प्रत्यक्ष आहे. धान्य, खत, कोळसा यांसारखा सुटा माल बहुधा संपूर्ण जहाज भाड्याने घेऊन आणला जातो. अशा करारात माल चढविण्या-उतरविण्यासाठी ठराविक मुदत दिलेली असते. ती उलटल्यास माल आणणाऱ्यास प्रतिदिनी विलंब-आकार, म्हणजे डेमरेज, द्यावा लागतो. याउलट ठराविक मार्गावर ठराविक वेळापत्रकाने फिरणाऱ्या जहाजांच्या बाबतीत कंपन्या मूळ दरावर गर्दीचा अधिभार लावतात. पहिल्या प्रकारात कोंडीचा खर्च विशिष्ट मालावर पडतो. दुसऱ्या प्रकारात तो त्या बंदरातून जाणाऱ्या सर्वच मालावर पसरतो.

दुसरा मार्ग अप्रत्यक्ष परंतु अधिक परिणामकारक आहे. एखाद्या जहाजाची फेरी ४० दिवसांची असेल तर ते वर्षाला सुमारे नऊ फेऱ्या करते. प्रत्येक फेरीत दहा दिवसांची प्रतीक्षा वाढली तर फेऱ्या सातच्या आसपास येतात. जहाज तेच, खलाशी तेच. परंतु त्याची वार्षिक वहनक्षमता एक-पंचमांशाने घटते. अनेक बंदरांत एकाच वेळी कोंडी झाली, तर जगातील जहाजांपैकी काही जहाजे नाहीशी व्हावीत तसा तिचा परिणाम होतो. नवे जहाज बांधण्यास दोन-तीन वर्षे लागत असल्याने पुरवठा अल्पकाळात वाढत नाही. माल पाठविणाऱ्यांचे करारही आधीच झालेले असल्याने मागणीही फारशी कमी होत नाही. अशा दोन ताठर रेषांच्या छेदात भाडे एकदम उसळते.

येथे खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. आधीच गर्दी असलेल्या बंदरात येणारे जहाज स्वतःच्या प्रतीक्षेचा विचार करते. आपल्या मागून येणाऱ्यांची प्रतीक्षा आपण किती वाढवितो, याचा विचार करण्याचे त्यास कारण नसते. हा बाह्य परिणाम बंदराच्या आकारणीत प्रतिबिंबित झाला नाही, तर गर्दीच्या दिवशीही बंदर स्वस्तच भासते. काही वेळा प्रोत्साहन याहूनही विपरीत असते. १९७५ साली नायजेरियाच्या शासनाने लागोस बंदराच्या क्षमतेच्या अनेक पट सिमेंट मागविले. शेकडो जहाजे समुद्रात उभी राहिली आणि उभे राहण्याचाच विलंब-आकार मिळू लागल्याने काही जहाजमालकांच्या दृष्टीने प्रतीक्षा हाच व्यवसाय होऊन बसला.

४. मुंबईपासून न्हावा-शेव्यापर्यंत

पश्चिम भारतातील अनुभव या विवेचनास पुष्टी देतो. १८७३ साली स्थापन झालेल्या मुंबई बंदर विश्वस्त मंडळाने प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या गोद्या उभारल्या. त्यांपैकी अलेक्झांड्रा गोदी, जी पुढे इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाऊ लागली, १९१४ साली पूर्ण झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटाने गोद्यांची मोठी हानी झाली. तीन वर्षांनी फाळणी होऊन कराची बंदर परदेशात गेले आणि त्याच्या पृष्ठप्रदेशाचा भार मुंबईवर पडला. कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ साली केलेल्या शिफारशीनुसार कांडला बंदराचा विकास झाला, तो मुख्यतः हा भार हलका करण्यासाठी होय. पुढे नियोजनकाळातील यंत्रसामग्रीची आयात आणि १९६५-६७ च्या दुष्काळांतील धान्याची आयात यांनी देशातील बंदरांची परीक्षा पाहिली. एकट्या १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले.

मुंबईची कोंडी दूर करण्याचा मोठा उपाय म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर बांधले गेले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. परंतु कंटेनरने होणारी वाहतूक इतक्या वेगाने वाढली की उपायालाच उपायाची गरज भासू लागली. १९९७ साली पहिल्या खाजगी टर्मिनलचा करार झाला आणि १९९९ साली त्याचे काम सुरू झाले. २००६ मध्ये आणखी एक आणि २०१८ मध्ये त्यापुढचे टर्मिनल कार्यान्वित झाले. २०२३-२४ या वर्षी या बंदराने वीस फुटी पेट्यांच्या परिमाणाने ६४ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले.

या इतिहासातून एक नियम दिसतो. नवा धक्का सुरू होताच कोंडी कमी होते. कोंडी कमी झाल्याने जहाजकंपन्या अधिक फेऱ्या तेथे वळवितात. आणि काही वर्षांनी व्याप पुन्हा धोक्याच्या मर्यादेकडे सरकतो. त्यातच एका बंदरावर अतिशय अवलंबून राहिल्यास लहानसा आघातही मोठा ठरतो. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या संगणकीय हल्ल्यात मार्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेव्याच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. धक्के, यारी, जहाजे सर्व जागेवर होती. केवळ कोणता कंटेनर कोठे आहे ही माहिती उपलब्ध नव्हती, आणि तेवढ्याने मालमोटारींच्या रांगा लागल्या. २०२० च्या टाळेबंदीत याच्या उलट घडले. जहाजे माल उतरवीत होती, परंतु आयातदार तो उचलू शकत नसल्याने कंटेनर ठेवण्याची आवारे भरत गेली. कोंडीचे स्थान धक्का, आवार, दरवाजा किंवा रस्ता यांपैकी कोठेही असू शकते. साखळीतील जी कडी सर्वांत अरुंद, तिच्यावरच बंदराची खरी क्षमता ठरते.

५. २०२० ते २०२४ मधील भाडेवाढ

जागतिक कोंडी आणि भाडे यांचा संबंध २०२०-२२ या काळात प्रयोगशाळेत दिसावा तितका स्पष्ट दिसला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस व लाँग बीच या बंदरांबाहेर जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कंटेनरवाहू जहाजे रांगेत होती. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले होते, त्याने वेळापत्रके आणखी विस्कटली. प्रमुख मार्गांवरील चाळीस फुटी कंटेनरचे सरासरी भाडे २०१९ साली सुमारे १,४०० डॉलर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,००० डॉलरांपलीकडे गेले. भारतीय निर्यातदारांस तर वाढीव दर देऊनही रिकामे कंटेनर मिळेनात, कारण ते परदेशी बंदरांच्या आवारांत अडकून पडले होते.

डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा निराळ्या मार्गाने तोच परिणाम घडला. लांबलेल्या प्रवासाने वेळापत्रके मोडली, जहाजे घोळक्याने येऊ लागली आणि २०२४ मध्ये सिंगापूरसारख्या सुसज्ज बंदरातही रांगा लागल्या. वार्षिक वाहतूक तीच असली तरी आगमन अनियमित झाल्याने प्रतीक्षा वाढते, हा रांगसिद्धान्ताचा निष्कर्ष येथे प्रत्यक्षात उतरला.

६. नंदुरबारपर्यंतचे भारसंक्रमण

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वाढलेले भाडे शेवटी कोण देते? करभाराच्या संक्रमणाचे जे तत्त्व आहे तेच येथेही लागू पडते : ज्याची मागणी अथवा पुरवठा अधिक ताठर, त्याच्यावर अधिक भार.

कापसाचे उदाहरण घ्यावे. रुईची किंमत जागतिक बाजारात ठरते. भारतातील एखाद्या बंदरात कोंडी आहे म्हणून परदेशी गिरणी अधिक किंमत देत नाही, कारण तिला अन्य देशांची रुई उपलब्ध असते. समजा, चाळीस फुटी कंटेनरमध्ये २५ टन रुई मावते, भाडे १,००० डॉलरांनी वाढले आणि डॉलरचा भाव ८० रुपये आहे. वाढीव खर्च ८०,००० रुपये, म्हणजे किलोमागे ३ रुपये २० पैसे झाला. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरल्यास, सर्व भार मागे ढकलला गेल्यावर कापसाच्या भावात क्विंटलमागे सुमारे १०९ रुपयांची घट होते. निर्यातदार ही घट जिनिंगवाल्याकडून आणि जिनिंगवाला ती शेतकऱ्याकडून वसूल करतो. शेतकऱ्यापलीकडे ती ढकलण्यास जागा नाही. त्याचे पीक आधीच उभे आहे आणि त्यावरील खर्च होऊन गेला आहे.

यात अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, बाजारातील भाव निर्यातीच्या भावाशी जोडलेला असेल तर जो कापूस जहाजावर कधीच चढत नाही, देशातील गिरणीसच विकला जातो, त्याचाही भाव तितकाच उतरतो. बंदरातून जाणारा माल थोडा असला तरी त्याच्यावरील भाड्याने सर्व मालाची किंमत ठरते. येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. देश रुई आयात करीत असेल तर हेच वाढीव भाडे परदेशी रुई महाग करून येथील शेतकऱ्यास काही संरक्षण देते. शिवाय कापसाला हमीभाव असल्याने घसरणीस एक तळ असतो. कोंडीचा परिणाम सदैव एकाच दिशेने होतो असे म्हणता येणार नाही.

मिरचीस यांपैकी हमीभावाचा आधारही नाही. शिवाय ती हलकी व फुगीर असल्याने कंटेनरमध्ये वजनाने कमी मावते. कंटेनरमध्ये १४ टन मिरची बसते असे गृहीत धरल्यास वरील वाढीचा भार किलोमागे ५ रुपये ७० पैशांच्या आसपास जातो. त्याहून गंभीर आहे तो काळाचा प्रश्न. नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती विकत घेऊन शहराभोवतालच्या पथाऱ्यांवर वाळवितात आणि वाळल्यावर ती पुढे जाते. बंदराकडील मालाची उचल मंदावली की गोदाम भरते, गोदाम भरले की पथारी रिकामी होत नाही, आणि पथारी रिकामी नसेल तर नव्या ओल्या मालाची खरेदी सावकाश होते. उघड्यावर अधिक दिवस पडून राहिलेल्या मिरचीस अवकाळी पावसाचा धोका असतो. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजाचा विलंब-आकार करारात लिहिलेला असतो. पथारीवर थांबलेल्या मिरचीचा विलंब-आकार कोणत्याही करारात नसतो. तो शेतकऱ्यास मिळणाऱ्या कमी भावात आणि पथारीवरील मजुरांच्या बुडालेल्या दिवसांत मिसळून जातो.

खतांच्या बाबतीत दिशा उलट असली तरी तत्त्व तेच आहे. पालाशयुक्त खतांसाठी भारत मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. या आयातीवरील विलंब-आकार पैशाच्या रूपात आयातदार, शासनाचे अनुदान आणि शेतकरी यांच्यात विभागला जातो. परंतु पेरणीच्या वेळी न पोहोचलेले खत नंतर स्वस्तात मिळाले तरी निरुपयोगी ठरते. अक्राणी किंवा अक्कलकुवा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत वाहतुकीचा अखेरचा टप्पाच कठीण असल्याने आठ-पंधरा दिवसांचा उशीर तेथे संपूर्ण हंगामाचा उशीर होऊ शकतो.

७. उपाययोजनेची दिशा

या विवेचनावरून धोरणाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. धक्का क्षणभरही रिकामा राहू नये, ही कार्यक्षमतेची कसोटी म्हणून चुकीची आहे. रिकाम्या धक्क्याचा खर्च बंदराच्या हिशेबात दिसतो. थांबलेल्या जहाजाचा, कंटेनरचा आणि पथारीवरील मालाचा खर्च अन्य लोकांच्या हिशेबात जातो. या दोहोंची बेरीज कमीतकमी करणे हे खरे साध्य होय, आणि त्यासाठी काही क्षमता हेतुपुरस्सर मोकळी ठेवणे आवश्यक ठरते. तद्वतच टर्मिनलांनी परस्परांचे धक्के अडचणीच्या वेळी वापरणे, जहाजांच्या आगमनाच्या वेळा आधी निश्चित करणे आणि गर्दीच्या काळात अधिक आकार घेणे, या उपायांनी बांधकामाशिवायही प्रतीक्षा कमी होऊ शकते.

दुसरा उपाय पर्यायी बंदरांचा. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याचा अंदाजित खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये आहे. नंदुरबारच्या दृष्टीने तापीच्या मुखावरील हजिरा हे बंदर याहून निकट असून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग जिल्ह्यातूनच जातो. तथापि केवळ अंतर कमी म्हणून माल त्या बंदराकडे जात नाही. इष्ट देशाकडे नियमित जहाजे कोठून सुटतात, रिकामे कंटेनर कोठे मिळतात आणि सीमाशुल्काची तपासणी किती लवकर होते, यावर बंदराची निवड अवलंबून असते. पर्याय प्रत्यक्ष वापरात नसला तरी तो उपलब्ध असणे, हेच प्रमुख बंदरावरील अधिभारास एक मर्यादा घालते.

तिसरा उपाय पृष्ठप्रदेशातच करावयाचा आहे. साठवणुकीची सोय, मिरची पावसापासून सुरक्षित राहील अशी वाळवण आणि तारणकर्ज उपलब्ध असेल, तर विक्रेत्यास कोंडी ओसरेपर्यंत थांबता येते. थांबण्याची शक्ती म्हणजेच पुरवठ्याची लवचिकता, आणि भारसंक्रमणाच्या नियमानुसार ज्याची लवचिकता अधिक त्याच्यावरील भार कमी. यास्तव नंदुरबारमधील एखादे गोदाम हेही व्यापक अर्थाने बंदर-सुधारणेचेच साधन मानले पाहिजे. बंदराची सीमा त्याच्या दरवाजापाशी संपते असे मानून आखलेले धोरण कोंडीचा तोच भाग मोजील जो मोजण्यास सोपा आहे, आणि जो सोसण्यास सर्वांत कठीण आहे तो भाग त्याच्या हिशेबाबाहेर राहील.